माहुली: लोकलच्या वाटेवरचे तीन गड

टिटवाळ्याहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलने खडवली आणि वाशिंद मागे टाकले की डाव्या खिडकीत एक लांबलचक डोंगर दिसू लागतो. त्याचा माथा सलग नाही. मधे खोल खाचा पडलेल्या आहेत आणि कडेला डोंगरापासून सुटून उभे राहिलेले सुळके आहेत. उन्हाळ्याच्या धुरकट हवेत या सगळ्याची एकच करडी रेघ होते, पण पाऊस ओसरल्यावर आश्विन-कार्तिकात प्रत्येक खाच वेगळी मोजता येते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातला माहुली किल्ला तो हाच. उंची २,८१५ फूट, म्हणजे सुमारे ८५८ मीटर.

माहुली हे नाव एका किल्ल्याचे म्हणून रुळले असले तरी डोंगरावर किल्ले तीन आहेत. उत्तरेला पळसगड, मधे माहुली आणि दक्षिणेला भंडारगड. तिघांच्या मधे खिंडी आहेत. त्या इतक्या अवघड की एका गडावर शत्रू चढला तरी दुसरा आपोआप त्याच्या हाती पडत नसे. जुन्या कागदांत तिघांची नावे वेगवेगळी येतात. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांच्या यादीत माहुलीच्या बरोबरीने भंडारदुर्ग आणि पळसखोल ही नावे स्वतंत्रपणे नोंदली आहेत. आजच्या पर्यटकाला मात्र ‘माहुली करून आलो’ एवढेच म्हणणे पुरते, आणि त्याने बहुधा तिन्हींपैकी एक किंवा फार तर दीड गड पाहिलेला असतो. तिघांचा एक कसा झाला, याचे उत्तर गडाच्या लढायांत नाही. गडावर जाणारी माणसे बदलत गेली, त्यांच्या वाटा बदलल्या आणि त्यांच्याजवळचा वेळही बदलला. ते उत्तर तिथे सापडते.

माहुलीचे स्थान समजायला कल्याण ध्यानात घ्यावे लागते. कल्याण हे खाडीवरचे जुने बंदर. तिथे उतरलेला माल घाटावर जायचा तो सह्याद्रीच्या वेगवेगळ्या घाटवाटांनी, आणि थळ घाटाकडे जाणारी वाट शहापूरच्या बाजूने जाते. त्या वाटेवर नजर ठेवायला माहुलीसारखी दुसरी जागा नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने जे कोकणी किल्ले घेतले त्यांत माहुलीचे नाव आहे. त्यानंतर दीडशे वर्षे किल्ला निजामशाहीचा होता आणि निजामशाहीचा शेवटही याच डोंगरावर झाला.

तो प्रसंग १६३६ चा. दौलताबाद १६३३ मध्ये मोगलांनी घेतल्यावर शहाजीराजे भोसले यांनी निजामशाही घराण्यातल्या मूर्तजा या मुलाला गादीवर बसवून त्याच्या नावाने राज्य चालवले होते. शाहजहान बादशहा आणि विजापूरचा आदिलशहा यांनी १६३६ मध्ये आपसात तह करून निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला. शहाजीराजांच्या पाठीवर एकीकडून मोगल सरदार खानजमान आणि दुसरीकडून आदिलशाही सरदार रणदुल्लाखान निघाले. कोकणात उतरून राजांनी पोर्तुगिजांकडे आसरा मागितला. तो मिळाला नाही. मग त्यांनी माहुली जवळ केली. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजे या वेळी गडावरच होते, असे सांगितले जाते. वेढा पडला. बाहेरून मदत येण्याचा मार्ग उरला नव्हता. अखेर तह झाला, बालराजा मूर्तजा मोगलांच्या स्वाधीन करावा लागला आणि शहाजीराजे आदिलशाही चाकरीत गेले. त्या चाकरीने पुढे ते कर्नाटकात पोचले आणि पुणे जहागिरीचा कारभार जिजाबाईंच्या देखरेखीखाली राहिला. मराठी इतिहासाला ज्या वळणाने पुढे पुण्याकडे नेले, त्याचे एक टोक माहुलीवर आहे. शिवनेरीच्या तुलनेत शाळेच्या पुस्तकांत माहुलीला जागा फारच थोडी मिळते. जन्म लक्षात राहतो, शरणागती विस्मरणात जाते.

शिवाजीराजांनी १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली आणि ८ जानेवारी १६५८ ला माहुली. सात वर्षांनी पुरंदरच्या तहात ती मोगलांकडे गेली. १६७० मध्ये तहात दिलेले किल्ले परत घेण्याचा सपाटा सुरू झाला तेव्हा सिंहगडानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारीत, महाराज स्वतः माहुलीवर चालून आले. गडाचा मोगल किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. रात्री माळ, म्हणजे दोराची शिडी, लावून चढलेले मराठे वर सापडले आणि हल्ला फसला. दीड हजारांपैकी हजार माणसे कामी आली, असा आकडा सांगितला जातो. आकड्याची घासाघीस करता येईल. हल्ला मोडला आणि महाराजांना माघार घ्यावी लागली, यात वाद नाही. गंमत अशी की जिंकलेल्या किल्लेदारालाच आपल्या विजयाचा भरवसा वाटला नाही. पुन्हा हल्ला होणार हे ओळखून मनोहरदासाने कुमक मागितली, ती न मिळाल्यावर किल्लेदारी सोडली आणि त्याच्या जागी अलावर्दी बेग आला. मोरोपंत पिंगळ्यांनी वेढा घालून १६ जून १६७० ला गड घेतला. सिंहगड आणि माहुली ही एकाच महिन्यातली दोन धाडसे. एक जिंकले आणि त्यावर पोवाडे झाले. दुसरे हरले आणि गडावर आलेल्या दहांपैकी नऊ माणसांना आज त्याचा पत्ता नसतो.

त्या काळात गडावर ‘पाहायला’ जाणे ही कल्पनाच नव्हती. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अंमलदार, पायथ्याला मेटांवर, म्हणजे चौक्यांवर, पहारे आणि सूर्य मावळताच दरवाजे बंद. बाहेरचा माणूस वर यायचा तो कामासाठी आणि परवानगीने. किल्ल्याची रचनाही त्याला लवकर वर येता येऊ नये अशीच केलेली असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त अठराव्या शतकाच्या आरंभी हे शास्त्र नीट मांडले आहे. आधी पाणी पाहावे आणि मग किल्ला बांधावा. खडकात टाकी खोदावीत आणि गडावर झरा असला तरी तेवढ्यावर विसंबू नये. एकच दरवाजा हा दोष समजून आणखी दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात. येण्याच्या वाटा सोप्या असतील तर त्या मोडून अवघड कराव्यात. माहुलीवर यातले बरेच प्रत्यक्ष दिसते. महादरवाजा आहे, कल्याण दरवाजा आहे, कातळातली टाकी आहेत. ज्या गोष्टी आज ट्रेकची मजा म्हणून मोजल्या जातात, म्हणजे खडी चढण, अरुंद वाट, शेवटचा उभा टप्पा, त्या मुळात माणसाला थकवण्यासाठीच राखलेल्या होत्या.

१८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांचा उत्तर कोकणातला मुलूख इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन डिकिन्सन या इंजिनीअर अधिकाऱ्याने कोकणातले किल्ले पाहून त्यांची नोंद केली. गडावर जाऊन, हिंडून, मोजून, लिहून परत येणारा माणूस म्हटले तर या भागातल्या किल्ल्यांचा पहिला आधुनिक पाहुणा तोच. त्याचा हेतू मात्र किल्ला उरावा हा नव्हता. कोणता ठेवायचा आणि कोणता निकामी करायचा, हे ठरवण्यासाठी ही पाहणी होती. शिबंदी उठली, घरे ओस पडली, पागोळ्यांखाली भिंती ढासळल्या. वर जात राहिले ते खालच्या वाड्यापाड्यांतले ठाकूर, कातकरी, महादेव कोळी: लाकडासाठी, गुरांसाठी, मधासाठी, देवासाठी. आजच्या बहुतेक पायवाटा त्यांच्या पायांनी टिकल्या. दरवाज्याची वाट ढासळली तर जवळची घळ धरायची, हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही.

रेल्वे पुढे काही दशकांनी आली. मुंबई-ठाणे १८५३, कल्याण १८५४, तिथून टिटवाळ्यावरून वाशिंदपर्यंत १८५५, कसाऱ्यापर्यंत १८६१ आणि घाट फोडून इगतपुरी १८६५. ज्या वाटेवर माहुली पहारा करत होती तीच ही वाट, फक्त रुळांची. मात्र गाडीने किल्ल्याला लगेच माणसे आणली नाहीत. या पट्ट्यातला प्रवासी देवाला जात होता.

टिटवाळा हे त्याचे सोपे उदाहरण. इथला महागणपती थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात दुष्काळात तळ्याचा गाळ काढताना रामचंद्र मेहेंदळे यांना सापडला आणि पेशव्यांनी देऊळ बांधले, अशी परंपरा आहे. त्याच परंपरेत वसई जिंकल्याचाही धागा गुंफलेला असतो. वसई चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये घेतली आणि माधवराव पेशवे झाले १७६१ मध्ये, तेव्हा हा धागा जरा ओढूनताणून जोडलेला दिसतो. भाविकाला त्याने फरक पडत नाही. अंगारकीला टिटवाळा स्थानकाबाहेर दुर्वा, जास्वंद आणि मोदकांच्या पाट्या लागतात आणि गर्दी रस्ताभर सांडते. बऱ्याच लोकल टिटवाळ्यालाच संपतात. पहाटेच्या अशा एखाद्या गाडीतून दोन प्रकारची माणसे उतरतात: हातात ताम्हण किंवा नारळाची पिशवी घेतलेली माणसे जिन्याकडे जातात आणि पाठीवर पिशव्या लावलेली पोरे फलाटावरच थांबून मागून येणाऱ्या आसनगाव किंवा कसारा लोकलची वाट पाहतात. गेल्या साठ-सत्तर वर्षांत दुसऱ्या गटाची संख्या हळूहळू वाढत गेली.

किल्ला पाहायला जाणे ही मराठी समाजातली तशी नवी रीत आहे. महात्मा फुले यांनी रायगडावर जाऊन शिवसमाधी शोधली आणि १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरचा पोवाडा प्रसिद्ध केला. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने मुंबईवरच्या आपल्या पुस्तकात समाधीच्या दुरवस्थेविषयी लिहिले आणि ते इथल्या सुशिक्षितांना झोंबले. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणीची चळवळ उभारली आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवउत्सव झाला. गड चढणे हे त्यानंतर एक प्रकारची यात्रा बनले. चिंतामण गंगाधर गोगटे यांचे ‘महाराष्ट्र देशातील किल्ले’ १९०५ मध्ये आले आणि वाचकाला किल्ल्यांची मराठीत एकत्र माहिती मिळाली. पुढच्या पिढीवर गो. नी. दांडेकरांची मोहिनी पडली. दांडेकरांमुळे मध्यमवर्गीय घरांत किल्ल्यावर मुक्काम करणे, वाटेवर भाकरी खाणे, गावच्या माणसाशी बोलणे यांना एक रुबाब आला. १९५४ मध्ये मुंबईत गिरिविहार ही संस्था निघाली आणि गिर्यारोहणाचे शिस्तशीर शिक्षण सुरू झाले. माहुलीचे सुळके, विशेषतः वजीर, तेव्हापासून कातळारोहण करणाऱ्यांच्या नजरेत भरले. अलीकडे डोंबिवलीच्या ट्रेक क्षितिजसारख्या संस्थेने शेकडो किल्ल्यांची माहिती मराठीत जमवली आणि वाटाड्याशिवाय निघण्याचे धाडस नवख्यांनाही येऊ लागले.

या नव्या प्रवाशाचे सगळे गणित लोकलच्या वेळापत्रकावर बसलेले आहे. आसनगावला उतरायचे, चहा घ्यायचा, रिक्षा करून पाचेक किलोमीटरवरच्या माहुली गावात जायचे. गावापलीकडे देवळाशेजारून रान सुरू होते. डोंगराचा परिसर १९७० मध्ये घोषित झालेल्या तानसा अभयारण्याशी जोडलेला असल्याने वनखात्याचा नाका आहे. तिथे नाव लिहून शुल्क भरावे लागते. मग अडीचएक तासांची चढण. सुरुवातीला साग, ऐन, पळस; वर गेल्यावर कारवीचे दाट रान. कारवी साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते. इतर वर्षी ती चढणाऱ्याला फक्त धरायला काठी आणि दुपारी थोडी सावली देते. वारा मात्र देत नाही. कारवीच्या बोगद्यात घाम डोळ्यांत उतरतो आणि पाण्याची बाटली हिशेबापेक्षा लवकर संपते.

शेवटच्या टप्प्यावर लोखंडी शिडी आहे. पायऱ्यांच्या गजांवर हातांनी घासून चकाकी आलेली असते आणि मे महिन्यात अकराच्या पुढे ते गज हाताला चटके देतात. शिडी संपते तिथे माणूस किल्ल्यात शिरतो. समोर पाण्याचे टाके. थोडे पुढे गेले की एक वाट खाली उतरते आणि महादरवाज्यात पोचते. पहारेकऱ्यांच्या देवड्या तिथे अजून शाबूत आहेत. रात्री मुक्कामाला थांबणारे त्यांतच पथारी टाकतात. म्हणजे आजचा पाहुणा गडात आधी शिरतो आणि मग, आतून, उतरून जाऊन दरवाजा बघतो. ज्या दरवाज्यापुढे येणाऱ्याने दबावे, बुरुजांच्या माऱ्यात उभे राहून आत घेतले जाण्याची वाट पाहावी म्हणून सगळी बांधणी केली, तो त्याला पहारेकऱ्याच्या बाजूने दिसतो. फोटो मात्र तो असे काढतो की आपण दरवाज्यातूनच आलो असे वाटावे.

माथ्यावर वाड्याचे चौथरे, झाडीत बुडालेल्या भिंती, तळे आणि माहुलेश्वराचे ठिकाण आहे. ही सगळी मधल्या गडावरची ठिकाणे. तिथून दक्षिणेला चालत गेले की भंडारगडाच्या अंगाची खिंड आणि पलीकडे कल्याण दरवाजा. दरवाजाचे नाव त्याच्या तोंडाची दिशा सांगते. त्या बाजूची वाट कातळातली आणि धोक्याची असून दोराशिवाय तिथे कोणी उतरू नये, असे जाणकार सांगतात. कड्यावर उभे राहिले की वजीर आणि नवरा-नवरी हे सुळके खालून नव्हे, खांद्याशी दिसतात. एका अंगाला तानसा तलाव, दुसऱ्या अंगाला भातसा, आणि मागे सह्याद्रीच्या मुख्य रांगेत आजोबा आणि अलंग-मदन-कुलंग. तानसा धरण १८९२ चे. मुंबईला पाणी पाजणारे हे दोन जलाशय दोन्ही हातांना दिसतात आणि टाक्यातले पाणी प्यावे की नाही याची चर्चा मधे उभ्या असलेल्यांत चालू असते. उन्हाळ्यात टाक्यावर शेवाळ चढते. मुक्कामी येणारे ते पाणी गाळून, उकळून घेतात. एका दिवसाचे पाहुणे पाठीवर दोन-दोन बाटल्या वाहून आणतात.

दुपारी एकच्या सुमाराला बहुतेक गटांत घड्याळ पाहिले जाते. भंडारगडाकडे जाऊन परत यायला वेळ लागतो, पळसगड उलट दिशेला, आणि अंधार पडण्याआधी शिडी उतरायची असते. मग पळसगड सुटतो. त्याच्याकडे वाट नाही असे नव्हे. पण तिथे जायचे तर मुक्कामच हवा, आणि रविवारी संध्याकाळी घरी पोचण्याच्या घाईत असलेल्याला तो परवडत नाही. त्याच्या वाटेवर पाय कमी पडतात, पाय कमी पडले की कारवी वाट गिळते, आणि वाट गेली की पुढच्या वर्षी आणखी कमी माणसे तिकडे वळतात. सतराव्या शतकात स्वतंत्र नावाने तहात नोंदवलेला गड अशा रीतीने लोकांच्या बोलण्यातून गळत चालला आहे.

पावसाळ्यात गर्दीचे रूप पालटते. पायथ्याच्या धबधब्यासाठी येणारा लोंढा गडावर चढतच नाही. कांद्याच्या भज्यांच्या गाड्या लागतात, गावकऱ्यांना चार पैसे मिळतात, आणि पाण्याचा जोर वाढला की जिल्हा प्रशासनाचे बंदीचे आदेश निघतात. गावातली काही घरे आता जेवणाची सोय करतात. आधी फोन करून माणसे सांगितली की परतीला तांदळाची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा आणि कांदा तयार असतो. वाटाड्या म्हणून येणारी तरुण पोरे सुळक्यांची नावे धडाधड सांगतात. मनोहरदास गौडाचे नाव एखाद्यालाच माहीत असते.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर, लोहगड, प्रतापगड, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी ही ती नावे. ठाणे जिल्ह्यातला एकही किल्ला त्यांत नाही. माहुलीवर रोपवे नाही, प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम नाही. शिडी आहे, टाकी आहेत, देवड्या आहेत.

उतरताना गुडघे बोलतात. नाक्यावरच्या वहीत परत आल्याची नोंद करून गट भाकरीवर बसतो आणि मग रिक्षातून आसनगावला जातो. संध्याकाळच्या मुंबईकडच्या लोकलला या स्थानकावर जागा मिळते. वाशिंदपर्यंत उजव्या खिडकीत डोंगर दिसत राहतो. टिटवाळ्याला दर्शन आटोपलेली मंडळी प्रसादाचे पुडे घेऊन चढतात, आणि कल्याण येईपर्यंत डब्यात उभे राहायला जागा उरत नाही.